अक्का आणि लाल ठिपके

ऑफिसच्या पँट्रीतल्या फ्रिजमध्ये दह्याच्या डब्याशेजारी माती ठेवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. स्टीलच्या डब्यात ओलसर, काळी, कुजक्या पानांचा वास येणारी माती आणि डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं: ‘जिवंत आहे. हलवू नये.’ अॅडमिनकडून सगळ्यांना मेल आला की पँट्रीतला फ्रिज फक्त खाद्यपदार्थांसाठी आहे. अक्कांनी त्या मेलला सगळ्यांना दिसेल असं उत्तर पाठवलं की तुमचे खाद्यपदार्थ या डब्यातूनच येतात. माती फ्रिजमध्येच राहिली. काही जणांनी मात्र दही आणणं बंद केलं.

आमचं ऑफिस बंगळुरातल्या महादेवपुऱ्यात, काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. कंपनी पर्यावरणाचा सल्ला देणारी. मी नागपूरहून नवीनच आलेली, उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणारी. अक्का मातीच्या तज्ज्ञ. त्यांचं घराणं कैक वर्षांपूर्वी बंगळुरात येऊन स्थिरावलेलं, वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. घरात मराठीच, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की ‘स्वल्प थांब, बघून सांगते’ हे त्यांना सरळ मराठी वाक्य वाटायचं. वॉचमनपासून डायरेक्टरपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत. मॅडम म्हटलं तर त्या वळूनही बघत नसत.

त्यांना राग फार यायचा. मायेने रागवायच्या तेव्हा मराठीत, कामावरून रागवायच्या तेव्हा कन्नडमध्ये आणि इंग्रजीत बोलायला लागल्या की समोरच्या माणसाने तिथून निघून जावं हे बरं. शब्दांवरून तर त्या हमखास पेटायच्या. ‘लाभार्थी’ हा शब्द आमच्या प्रत्येक अहवालात असायचा. अक्का तो शब्द लाल पेनने खोडायच्या आणि समासात लिहायच्या, ‘लाभ कोणाचा?’ अहवाल लिहिणाऱ्या पोरांनी शेवटी कंटाळून ‘शेतकरी’ लिहायला सुरुवात केली.

एकदा मी त्यांना व्हाइटफील्डला माझ्या घरी हळदीकुंकवाला बोलावलं. बायका जमल्या, वाण देऊन झालं, तरी अक्कांचा पत्ता नाही. गॅलरीतून खाली पाहिलं तर त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना बागेत उभं करून बोलत होत्या. माळ्याने झाडांखालची सगळी पानं झाडून काळ्या पिशव्यांत भरली होती आणि त्या पिशव्या कचऱ्याच्या गाडीत चालल्या होत्या. सेक्रेटरी बिचारे म्हणाले की कचरा आहे, साठवून काय करायचं. झालं. अक्कांनी पिशव्या एकेक करून झाडांखाली उपड्या केल्या आणि मग वर आल्या. हात धुतले, जिन्यात भेटलेल्या माळ्याच्या बायकोला आपल्याबरोबर आत आणून शेजारी बसवलं आणि कुंकू लावून घेतलं. सेक्रेटरी पुढे वर्षभर मला लिफ्टमध्ये ओळख दाखवत नव्हते.

पण हे सगळं गमतीचं. ज्या रागासाठी मला अक्का आठवतात तो वेगळा.

परदेशातल्या एका कॉफी खरेदीदाराने आमच्या कंपनीला काम दिलं. मलनाडातल्या, म्हणजे सह्याद्रीच्या कर्नाटकातल्या पावसाळी रानातल्या, एका गावच्या छोट्या शेतकऱ्यांकडून त्याला कॉफी आणि मिरी घ्यायची होती. त्याच्या गिऱ्हाइकांना खात्री हवी होती की या कॉफीसाठी जंगल तोडलेलं नाही. म्हणून प्रत्येक शेताचा पर्यावरण व्यवस्थापन आराखडा हवा. पाणी कुठून घेता, कॉफीची फळं धुतलेलं पाणी कुठे सोडता, फवारणी काय करता, झाडं किती, ओढ्याला किती जागा सोडता, असं सगळं त्यात यायला हवं. कल्पना वाईट नव्हती. अक्काही सुरुवातीला खूश होत्या. या कामासाठी मी पंचवीस वर्षं वाट पाहिली, असं त्या मला म्हणाल्याचं आठवतं.

त्यांची काम करण्याची रीत अशी की शेताचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्यायच्या, मीटिंग रूमच्या खुर्च्या भिंतीला लावायला सांगायच्या आणि कागद जमिनीवर पसरायच्या. मग चपला काढून त्या नकाशावरून चालायच्या. इथे चढ आहे, इथे दम लागेल, इथून घागर घेऊन बाई खाली कशी जाईल, असं मोठ्याने बोलत. बाहेरून जाणारे काचेतून बघून हसायचे. प्रत्येक शेताबद्दल त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत: पाणी येतं कुठून, जातं कुठे आणि तुम्ही आराखड्यात जे काम लिहिताय ते करणार कोण. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना भल्याभल्यांची फजिती व्हायची. आराखड्यात ‘शेतकऱ्याने खड्डा खणावा, बांध घालावा, नोंद ठेवावी’ असं लिहिलेलं असायचं आणि त्या गावात शेतकरी म्हणजे बहुतेक घरांतून एकटी बाई होती, कारण पुरुष शहरात कामाला गेले होते.

गिरिजम्मा तशीच. तिचा नवरा इथेच बंगळुरात ऑफिसची कॅब चालवायचा. योगायोग असा की आमच्याच टेक पार्कमधल्या एका कंपनीच्या माणसांना तो रोज ने-आण करायचा. गावाकडे उतारावरची लहानशी बाग, तिथे ती आणि सासू. वर घर आणि गोठा, मधे कॉफी, खाली ओढा. कॉफीवर सावली फणसाची, आंब्याची आणि ओढ्याच्या वर उभ्या असलेल्या एका थोरल्या उंबराची. त्या उंबराच्या मुळाशी झरा होता आणि घरचं प्यायचं पाणी तिथलं.

आम्ही दोघी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा पाऊस नुकताच ओसरला होता. अक्कांनी मला पायांना लावायला तंबाखूची पूड दिली, जळवा चढू नयेत म्हणून. स्वतः मात्र काही न लावता ओढ्यात उतरल्या आणि बाहेर आल्यावर पोटरीवरच्या जळवा गप्पा मारता मारता काढत राहिल्या. दिवसभर त्या गिरिजम्माच्या मागे फिरल्या. गिरिजम्मा कमी बोलणारी. विचारलं तेवढं सांगायची. अक्कांनी तिथेच बसून कन्नडमध्ये एका पानाचा आराखडा लिहिला. फळं धुतलेलं पाणी ओढ्यात न सोडता वरच्या अंगाला खड्ड्यात मुरवायचं, पडलेली पानं झाडायची नाहीत, काठावरच्या वेली तशाच ठेवायच्या आणि उंबराला काही झालं तरी हात लावायचा नाही. वाचून दाखवल्यावर गिरिजम्माने मान हलवली आणि म्हणाली की खड्डा खणायला नवरा दिवाळीला येईल तेव्हा, त्याआधी नाही. अक्कांनी ‘दिवाळीनंतर’ असं लिहिलं.

ते पान ऑफिसात कोणालाच नको होतं. आमच्याकडे तयार साचा होता, इंग्रजीत, मोठ्या मळ्यांसाठी केलेला. त्यात ओढ्याच्या दोन्ही बाजूंना एवढी रुंद पट्टी मोकळी सोडायचा नियम होता की गिरिजम्माचं घर, गोठा आणि सगळी बाग त्या पट्टीतच बसत होती. अक्कांनी ते आमच्या प्रोजेक्ट हेडना नकाशावर उभं राहून दाखवलं. हे पुण्याचे, हुशार, बोलायला गोड. ते म्हणाले की साचा खरेदीदाराने मान्य केलेला आहे, आता बदलला तर सगळंच लांबेल. अक्का कन्नडमध्ये सुरू झाल्या. हेडना कन्नड येत नव्हतं, ते हसत राहिले.

खरा घोळ पुढच्या उन्हाळ्याअखेर झाला. कॉफीच्या बागेत पावसाच्या तोंडावर सावलीच्या झाडांच्या फांद्या छाटतात. छाटल्या नाहीत तर पावसात बागेत उजेड आणि वारा शिरत नाही, फळं काळी पडून गळतात. त्याला तिकडे कोळेरोग म्हणतात. झाड तोडत नाहीत, फक्त फांद्या. पावसाळ्यानंतर पुन्हा पालवी येते. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय. पण खरेदीदाराच्या संगणकाने छाटणीच्या आधीचं आणि नंतरचं अशी उपग्रहाची दोन चित्रं शेजारी ठेवली आणि झाडोरा कमी झाला असं ठरवून गावातल्या बहुतेक लहान बागांवर लाल ठिपके दिले. लाल ठिपका म्हणजे इथे जंगलतोड झाली, इथला माल घेऊ नये.

शेजारचा एक मोठा मळा मात्र नकाशावर हिरवागार होता. तो मी अक्कांना दाखवला. त्या मळ्याच्या मालकाने, पुढची सगळी चित्रं ज्याच्याशी ताडून बघतात ते सुरुवातीचं चित्र घेतलं जाण्याच्या आधीच, जुनी रानातली झाडं काढून सगळीकडे सिल्व्हर ओक लावला होता. सरळसोट झाड, भराभर वाढणारं. त्याच्या बाजूच्या फांद्या छाटल्या तरी शेंडा तसाच राहतो, वरून काही कळत नाही. आमच्या छापील आराखड्याच्या मुखपृष्ठावर त्याच मळ्याचा फोटो होता.

मी सगळं लिहून दिलं. छाटणीच्या आधीची, नंतरची, पावसाळ्यानंतरची, अशी चित्रं ओळीने लावून दिली. कोणीही पाहिलं असतं तर कळलं असतं की झाडं जागच्या जागी आहेत. हेडनी ती फाइल उघडलीही असेल. उत्तर आलं ते एवढंच की पद्धत ठरलेली आहे आणि तिच्यात आपण ढवळाढवळ करायची नाही. अक्कांनी मागणी केली की निदान एकदा येऊन बघा. त्यांनी खरेदीदाराच्या इथल्या प्रतिनिधीलाही विनंती केली. कोणालाच वेळ नव्हता. मग अक्का म्हणाल्या, “सरी, ठीक आहे. ते तिकडे येत नाहीत तर तिकडचे इकडे येतील.”

आणि एके सकाळी गिरिजम्मा आणि गावातली आणखी चार-पाच माणसं खरोखरच आमच्या टेक पार्कच्या गेटवर हजर झाली. बस स्टँडवरून तिच्या नवऱ्याने त्यांना आपल्या कॅबमधून आणलं होतं. गेटवर सिक्युरिटीने अडवलं. आत कोणाला भेटायचंय, त्यांनी मेल पाठवलाय का, फोनवर नंबर आलाय का तो दाखवा. गावातल्या निम्म्या लोकांकडे साधे फोन होते आणि रेंज गेल्यामुळे नंबर काही येईना. जो माणूस रोज त्याच गेटातून गाडी आत नेत होता, त्याची बायको बाहेर उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वर फोन करून परवानगी मागत होते आणि रिसेप्शनवरची मुलगी मला सांगत होती की आज मोठी मीटिंग आहे, उद्या चालेल का.

अक्का खाली आल्या आणि गेटवरचा प्रकार पाहिला. मेट्रोच्या खांबाशेजारी, सर्व्हिस रोडच्या धुळीत, फूटपाथवर त्यांनी नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चपला ठेवल्या आणि गावच्या लोकांना भोवती बसवून काम सुरू केलं. जाणारे-येणारे थांबू लागले, कोणी मोबाइलवर फोटो काढू लागलं. तेव्हा कुठे हेड लिफ्टने खाली आले.

“अक्का, प्लीज. हे काय फूटपाथवर बसून करायचं काम आहे का?”

“यांना आत घ्या. मग आत करू.”

हेड समजावणीच्या सुरात म्हणाले की संगणक कोणाला गुन्हेगार ठरवत नाही, तो फक्त बदल दाखवतो.

“आणि बदल का झाला हे विचारायचं काम कोणाचं?” अक्का म्हणाल्या. “तुमचं आणि माझं. त्यासाठी ठेवलंय आपल्याला इथे.”

गिरिजम्मा उभी राहिली आणि कन्नडमध्ये सावकाश बोलली. अक्कांनी ते एक शब्दही न वाढवता मराठीत सांगितलं. “ती म्हणते, फांद्या छाटल्या नाहीत तर फळ कुजतं. छाटल्या तर तुम्ही म्हणता मी जंगल तोडलं. मग मी काय करायचं ते मला लिहून द्या आणि खाली तुमचं नाव घाला.”

हेडनी घड्याळाकडे पाहिलं. तुमचं म्हणणं मी वर नक्की कळवतो, असं ते हिंदीत म्हणाले. गिरिजम्माला हिंदी कळत नव्हती. पाण्याच्या बाटल्या पाठवतो म्हणून ते वर गेले. बाटल्या आल्या, तेवढं खरं.

त्यांनी कळवलं का, माहीत नाही. अंतिम अहवालात अगदी शेवटी, परिशिष्टात, एक वाक्य आलं की काही स्थानिक घटकांनी हंगामी छाटणीचा मुद्दा उपस्थित केला. घटक! गिरिजम्मा बसमध्ये अवघडून आली, गेटवर उभी राहिली, धुळीत बसली आणि अहवालात तिचा घटक झाला. लाल ठिपके जिथल्या तिथे राहिले. त्या बागा ‘तूर्त वगळल्या’. गावच्या लोकांनी कॉफी नेहमीच्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने घातली. आणि अहवालाच्या पहिल्या पानावर, ‘तज्ज्ञ’ या मथळ्याखाली, सगळ्यात वर अक्कांचं नाव आणि पदव्या छापलेल्या.

अक्कांनी नाव काढायला सांगितलं. कंपनी म्हणाली की तज्ज्ञ म्हणून खरेदीदाराला तुमचंच नाव दिलेलं आहे. अक्कांनी खरेदीदाराला पत्र लिहिलं. तिकडून फार सभ्य उत्तर आलं, आभार मानणारं. मग अक्कांनी राजीनामा दिला. निरोपाचा केक आणला होता, तो त्यांनी कापला नाही. पँट्रीत काम करणाऱ्या बाईला सांगितलं की कापून सगळ्यांना वाट, आणि फ्रिजमधला मातीचा डबा पिशवीत घालून लिफ्टने खाली गेल्या. मी काही महिन्यांनी सोडलं आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत दुसरीकडे लागले.

त्यानंतर अक्का स्वतःच, कोणी न बोलावता, त्या गावात जात राहिल्या. बसने जायच्या, गिरिजम्माकडे राहायच्या, घराघरांत बसून एकेका पानाचे आराखडे लिहायच्या. मधे त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड-दोन वर्षं जाणं झालं नाही. बरं वाटल्यावर मला फोन केला, रविवारला जोडून सुट्टी काढ, एकटीला उतार झेपणार नाही म्हणाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन होतं. बागेच्या वरून खाली बघताना मला आधी कळेना की काय चुकतंय. मग कळलं की ओढा दिसतोय. पूर्वी तो दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. उंबर नव्हता. फणसही नव्हते. कॉफीच्या मधून ओळीने सिल्व्हर ओकची झाडं उभी होती, माझ्या दुप्पट उंच झालेली.

अक्का माझा हात सोडून खाली गेल्या. उंबराच्या उरलेल्या बुडख्याशी उभ्या राहिल्या. झऱ्याच्या तोंडाशी गिरिजम्माने पाइप बसवला होता, त्यातून करंगळीएवढी धार पडत होती आणि खाली घागर लावून ठेवलेली. उतारावरची माती जागोजागी घसरून ओढ्यात गेली होती.

अक्कांनी विचारलं, का तोडलंस. गिरिजम्माने शांतपणे सांगितलं. आमच्या जुन्या कंपनीचा माणूस गावात येऊन गेला होता. त्याने सगळ्यांना समजावलं की पुढच्या फेरीत सुरुवातीचं चित्र नव्याने घेणार आहेत, तेव्हा जे काढायचं ते त्याआधी काढून घ्या आणि शेजारच्या मळ्यासारखी झाडं लावा, मग ठिपका येणार नाही. गावात सगळ्यांनीच तसं केलं होतं.

“मला एक फोन नाही केलास,” अक्का म्हणाल्या.

“केला असता तर तुम्ही नको म्हणाला असता,” गिरिजम्मा म्हणाली. “मग कॉफी कोणी घेतली असती?”

अक्का थोडा वेळ रागाने बोलल्या, झऱ्याबद्दल, मातीबद्दल, आणि गिरिजम्मा पदर खोचून, मान खाली घालून ते सगळं ऐकत राहिली. मग तिने आम्हाला जेवायला वाढलं. निघताना तिने अक्कांच्या पिशवीत मिरीची पुडी घातली आणि चढावर त्यांचा हात धरून रस्त्यापर्यंत आली.

बस यायला वेळ होता. गिरिजम्मा परत गेल्यावर अक्का दगडावर बसल्या आणि गुडघा चोळत म्हणाल्या, “माझं चुकलं. तिच्यावर ओरडले मी. ती ऐकून घेते म्हणून तिच्यावर. ज्यांच्यावर ओरडायला हवं ते या उतारावर कधी पाय ठेवत नाहीत गं, आणि आपला आवाज त्यांच्या मजल्यापर्यंत जात नाही.” मी म्हटलं, अक्का, तुम्ही एवढं केलंत. त्यांनी हाताने गप्प केलं. बस आली, तरी त्या लगेच उठल्या नाहीत. कंडक्टरने दोनदा हाक मारल्यावर उठल्या.

खरेदीदाराचा तो नकाशा आता सगळ्यांना बघता येतो, गावाचं नाव घातलं की उघडतो. मी परवाच पाहिला. गिरिजम्माची बाग हिरवी आहे आणि तिच्यापुढे शेरा आहे: ‘झाडोऱ्यात समाधानकारक वाढ.’